गोळीला कसं कळतं?

गेल्या दिवाळीत ताई माहेरी आली होती. भाऊबीजेच्या दुपारी जेवणं झाली आणि आईने नेहमीप्रमाणे गुडघा दाबत डब्यातून गोळ्यांची स्ट्रिप काढली. एक गोळी तिने घेतली. माझंही डोकं सकाळपासून ठणकत होतं, म्हणून त्याच स्ट्रिपमधली एक मी घेतली. समोर माझी भाची बसली होती. वय वर्षं सात, प्रश्न विचारण्याचा अनुभव निदान साठ वर्षांचा. तिने एकदा आजीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली,

"मामा, गोळी एकच आहे ना? मग तिला कसं कळतं, आजीच्या गुडघ्यात जायचंय की तुझ्या डोक्यात?"

आता मी पडलो इंजिनियर. डेटाचं पाकीट शंभर मशिन्समधून वाट काढत बरोबर पत्त्यावर कसं पोचतं, हे मी इंटरव्ह्यू देताना आणि घेताना कित्येकदा सांगितलंय. पण या पाकिटावर तर पत्ताच नव्हता! मग मी तेच केलं जे सगळी मोठी माणसं करतात. म्हटलं, "मोठी झालीस की कळेल."

"म्हणजे तुला कळलंय?"

ताई फिस्सकन हसली. मी पाणी आणायला उठलो.

तर मंडळी, हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. पण त्या दिवाळीपर्यंत जवळजवळ आठ महिने मी ही गोळी शेंगदाण्यासारखी खात होतो, आणि ती पोटात जाऊन करते काय हे एकदाही विचारलं नव्हतं. नवी लायब्ररी वापरायची तर आम्ही निदान डॉक्युमेंटेशन उघडून बघतो. इथे तेवढंही नाही.

स्ट्रिपच्या मागे दोन नावं होती. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल. एकेकाला पकडू.

पहिल्याचं उत्तर त्या मानाने सोपं निघालं. गोळीला काहीही कळत नाही. ती पोटातून आतड्यात, आतड्यातून रक्तात आणि रक्तातून सगळीकडे जाते. गुडघ्यात, डोक्यात, डाव्या पायाच्या करंगळीतसुद्धा. जिथे इजा किंवा सूज असते तिथल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं बनवत असतात आणि ती बनवणारं एक एन्झाइम असतं, त्याचं लाडकं नाव कॉक्स. प्रोस्टाग्लँडिन स्वतः फारसं दुखवत नाही. ते तिथल्या नसांच्या टोकांना हळवं करतं. उन्हात पाठ भाजली की साधा बनियनही टोचतो ना, तसं. आयबुप्रोफेन कॉक्सच्या आत जाऊन बसतं, प्रोस्टाग्लँडिनचं उत्पादन घटतं आणि नसा जरा शांत होतात. करंगळीत मुळात काही बिघडलेलंच नाही, म्हणून तिथे काही जाणवत नाही. आपल्याला वाटतं, गोळी बरोबर गुडघ्यावर गेली!

पण "जाणवत नाही" म्हणजे "काही होत नाही" असं नव्हे. जठराच्या आतल्या अस्तराचं आम्लापासून रक्षण करायला हेच प्रोस्टाग्लँडिन लागतं. मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळायलाही लागतं, विशेषतः वय झालं असेल किंवा शरीरात पाणी कमी असेल तेव्हा. गोळी तिथेही जाते आणि तिथलंही उत्पादन घटवते. आपण म्हणतो, "जेवणानंतर घे, म्हणजे पोटाला त्रास नाही." थोडा फरक पडतही असेल, पण हा मामला फक्त रिकाम्या पोटाचा नाही. अशा औषधाचं इंजेक्शन घेतलं तरी जठराला इजा होऊ शकते, कारण औषध रक्तातून तिथे पोचतंच.

हे सगळं कळलं कधी? तर १९७१ मध्ये. जॉन व्हेन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने दाखवलं की अ‍ॅस्पिरिनसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिन बनणं थांबवतात. १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. आता अ‍ॅस्पिरिन बाजारात आलं होतं १८९९ मध्ये. म्हणजे बहात्तर वर्षं लोक ते घेत होते, डॉक्टर देत होते, कंपन्या विकत होत्या आणि ते का चालतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आपलं आयबुप्रोफेनही ब्रिटनमध्ये विकायला आलं १९६९ मध्ये, कारण कळायच्या दोन वर्षं आधी. ते शोधणारे स्ट्युअर्ट अ‍ॅडम्स गिनीपिगच्या कातडीवरची लाली कशाने कमी होते हे बघत एकामागून एक रसायनं तपासत होते. मॉस्कोतल्या एका परिषदेत आदल्या रात्रीच्या पार्टीने त्यांचं डोकं धरलं होतं आणि सकाळी भाषण होतं, तेव्हा त्यांनी आयबुप्रोफेनचा डोस स्वतःवरच चालवला, असं ते सांगत. प्रॉडक्शनवर टेस्टिंग करणारा हा पहिला माणूस नव्हे, शेवटचा तर नव्हेच.

त्याच्याही मागे गेलं तर आणखी गंमत आहे. १७६३ मध्ये एडवर्ड स्टोन नावाच्या एका इंग्रज पाद्र्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिलं, की विलोच्या सालीची पूड मी सुमारे पन्नास तापकऱ्यांना दिली आणि गुण आला. हा विलो म्हणजे क्रिकेटची बॅट बनते ते झाड. स्टोनने ते निवडलं का? एक म्हणजे साल सिंकोनासारखी कडू लागली. दुसरं म्हणजे ताप येतो दलदलीच्या जागी आणि विलो उगवतो दलदलीच्या जागी, तेव्हा रोगाच्या शेजारीच देवाने औषध ठेवलं असणार. कारण साफ चुकीचं, पण औषध बरोबर! आमच्याकडेही असा कोड असतो. कॉमेंट चुकीची, लॉजिक बरोबर. त्याला कुणी हात लावत नाही.

आता दुसरं नाव, पॅरासिटामॉल. मला वाटलं हे तर अगदीच बिचारं औषध. लहान मुलांना देतात, तापात देतात, लस घेतल्यावर देतात. याचं गणित केव्हाच सुटलेलं असेल.

तर नाही.

पॅरासिटामॉल प्रयोगशाळेत पहिल्यांदा बनलं १८७८ मध्ये. मग त्याला थोडंफार वापरून बघून बाजूला ठेवलं गेलं. १९४८ मध्ये अमेरिकेत ब्रॉडी आणि अ‍ॅक्सेलरॉड यांनी दाखवलं, की त्या काळच्या एका विषारी वेदनाशामकाचं शरीरात गेल्यावर पॅरासिटामॉल होतं आणि गुण त्यानेच येतो. मग १९५० च्या दशकात ते बाजारात आलं. ताप उतरवतं, दुखणं कमी करतं, पण सूज मात्र फारशी उतरवत नाही. म्हणजे ते कॉक्सच्या वाटेने जात असेल तर आयबुप्रोफेनसारखं वागत का नाही? २००२ मध्ये कुत्र्याच्या मेंदूत कॉक्सचा एक तिसरा प्रकार सापडला आणि सगळ्यांना वाटलं, झालं, सापडलं! पण माणसात ते जनुक तसं कामाचं प्रथिन बनवतच नाही, असं दिसलं. एक तर्क असा, की मेंदूतून मणक्याकडे येणारा जो 'आवाज कमी करा' असा निरोप असतो त्याला ते बळ देतं. २००५ मध्ये आणखी एक धागा मिळाला. पॅरासिटामॉलचा थोडा भाग शरीरात बदलत जातो आणि मेंदूत त्याचं एएम-४०४ नावाचं वेगळंच रसायन बनतं. मग २०२५ मध्ये इस्राएलमधल्या संशोधकांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की हे एएम-४०४ वेदना वाहणाऱ्या नसांमधली सोडियमची दारंच बंद करू शकतं, म्हणजे मेंदूपर्यंत निरोप निघण्याआधीच. यातलं माणसात किती खरं, की सगळंच थोडं थोडं खरं? वाद चालू आहे.

गंमत म्हणजे हेच औषध जास्त झालं तर यकृताचं काय करतं, ते मात्र पायरी-पायरीने माहीत आहे. त्यातून एक विषारी पदार्थ तयार होतो, यकृतातलं ग्लुटाथायोन त्याला निकामी करतं, ते संपलं की यकृताच्या पेशी मरायला लागतात. वर उताराही आहे, वेळेत दिला तर. उपकार कसा करतं ते धूसर, अपकार कसा करतं ते लख्ख. म्हणून निरोगी प्रौढाला दिवसाला चार ग्रॅम ही वरची मर्यादा सांगतात, आणि ती ओलांडणं वाटतं त्यापेक्षा सोपं आहे, कारण सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल, अंगदुखीच्या गोळीतही पॅरासिटामॉल. नावं वेगळी, आत माल तोच.

आईला हे सगळं ऐकवलं. ती म्हणाली, "म्हणून सांगत होते, बाम लाव."

बामचाही शोध घेतला मग. आपलं अमृतांजन १८९३ पासूनचं, जन्मगाव मुंबई. बामातला मेंथॉल नसांवरच्या थंडी ओळखणाऱ्या सेन्सरला फसवतो. कपाळ गार झालेलं नसतं, फक्त निरोप 'गार' असा जातो. तो सेन्सर सापडला २००२ मध्ये. त्याच्या आधी १९९७ मध्ये मिरचीच्या तिखटाने पेटणारा उष्णतेचा सेन्सर सापडला होता, आणि आजीच्या सुंठेच्या लेपाने कपाळ चुरचुरतं ते त्याच सेन्सरमुळे. या सगळ्या कामाला २०२१ चं नोबेल मिळालं. पण त्वचेवर 'गार' वाटल्याने आत चाललेली डोकेदुखी का हलकी होते, याचं पुरं उत्तर अजून नाही. चोळल्याने बरं वाटतं त्याला मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये एक तर्क दिला होता, की स्पर्शाचे निरोप वेदनेच्या निरोपांची मणक्यातली वाट अडवतात. आणि "मनाचे खेळ आहेत रे" म्हणणाऱ्यांसाठी १९७८ मधला सॅन फ्रान्सिस्कोचा प्रयोग आहे. अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांना औषध म्हणून नुसतंच खोटं औषध दिलं, काहींचं दुखणं कमी झालं. मग अफूसारख्या द्रव्यांचा परिणाम रोखणारं औषध दिल्यावर त्यांचं दुखणं पुन्हा वाढलं. म्हणजे तो आराम कल्पनेतला नव्हता, शरीर स्वतःचं वेदनाशामक स्वतः बनवत होतं. आईने बाम लावल्यावर यातलं नेमकं काय काय चालू होत असेल, देव जाणे.

असो. आता माझी गोष्ट.

माझं डोकं पहिल्यांदा महिन्यातून एकदोनदा दुखायचं. अर्धं डोकं, उजेड नको, आवाज नको. गोळी घेतली की दोन तासांत माणसात. मग एका रिलीजच्या धामधुमीत आठवड्यातून दोनदा झालं, मग तीनदा. एक स्ट्रिप ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, एक बॅगेत, एक गाडीत. पुढे पुढे सकाळी डोळे उघडायच्या आधी डोकं उठलेलं असायचं. चष्म्याचा नंबर तपासला, उशी बदलली, मॉनिटर वर केला, खाली केला. रात्री दोन वाजता इंटरनेटवर लक्षणं शोधून ब्रेन ट्यूमरही करून घेतला. एक गोष्ट सोडून सगळे व्हेरिएबल बदलून पाहिले.

दिवाळीनंतर शेवटी न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो. आई मी नको म्हणत असताना बरोबर आली. डॉक्टर मॅडमनी तपासलं, बरेच प्रश्न विचारले आणि मग म्हणाल्या, "महिन्यातून किती दिवस गोळी घेता?"

"असेन आठ-दहा दिवस."

आईने पर्स उघडली आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयची पानं बाहेर काढली. दुधाचे खाडे, सिलिंडरची तारीख, आणि प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यात लाल पेनाचा बारीकसा ठिपका. मी घरात गोळी घेताना दिसलो की ती एक ठिपका टाकत होती. ऑगस्टमध्ये पंधरा. सप्टेंबरमध्ये अठरा. ऑक्टोबरमध्ये एकवीस. ऑफिसातल्या गोळ्या तिला माहीतच नव्हत्या.

मी खोटं बोललो नव्हतो हो. मला खरंच आठ-दहा वाटत होते.

मॅडमनी पानं नीट पाहिली, आईकडे बघून मान हलवली आणि मला म्हणाल्या, "ही गोळी बंद करायची."

"पण मॅडम, डोकं दुखतं म्हणून गोळी घेतो ना."

"सुरुवात तशीच झाली. आता गोळी घेता म्हणून डोकं दुखतंय."

याला रीतसर नाव आहे, औषधाच्या अतिवापराने होणारी डोकेदुखी. नुसतं पॅरासिटामॉल किंवा नुसतं आयबुप्रोफेन असेल तर महिन्यात पंधरा दिवस, माझ्यासारखं मिश्रण असेल तर दहाच दिवस, आणि असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की ही शक्यता धरतात. यात मोजायचे ते गोळ्या नव्हे, दिवस. मी विचारलं, "पण असं होतं का?" त्या म्हणाल्या, "तर्क बरेच आहेत. नेमकं कारण अजून माहीत नाही."

मला वाटलं होतं, असं उत्तर ऐकून धीर सुटेल. उलट बरं वाटलं. ज्या डॉक्टरला आपल्याला कुठपर्यंत माहीत आहे हे माहीत आहे, त्याच्यावर भरवसा ठेवायला सोपं जातं. आणि काय करायचं ते त्यांना पक्कं माहीत होतं.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या डोक्यातून जाईना. ज्यांना मुळात मायग्रेनसारखी डोकेदुखी नाही, ते संधिवातासाठी रोज वेदनाशामक घेत असले तरी सहसा त्यांना ही रोजची डोकेदुखी लागत नाही. ज्यांची प्रकृती मुळात डोकेदुखीची, त्यांनाच लागते. म्हणजे बघा, आई आणि मी एकाच स्ट्रिपमधल्या गोळ्या खात होतो. तिच्या गुडघ्याने त्या नुसत्या खाल्ल्या. माझ्या डोक्याने त्या लक्षात ठेवल्या. भाचीचा प्रश्न उलटा करायला हवा होता. गोळीला डोकं कळत नाही, डोक्याला गोळी कळते. कशी, ते अजून कुणालाच सापडलेलं नाही.

मॅडमनी मायग्रेन आटोक्यात ठेवणारं एक वेगळं औषध सुरू केलं आणि सांगितलं, पहिला आठवडा-दहा दिवस दुखणं वाढेल. (माझी गोळी एका दिवसात बंद करता येण्यासारखी होती. सगळ्याच तशा नसतात, त्यामुळे हा प्रयोग डॉक्टरला न विचारता करू नका.) मी शुक्रवारी संध्याकाळी बंद केली. शनिवार निघाला. रविवारी पडदे ओढून पडून होतो. सोमवारी रजा, दोनदा उलटी, आणि ताईचा साधा "कसा आहेस रे" विचारणारा फोनही मी चिडून कापला. त्या रात्री मी खरंच उठून बॅग चाचपली. स्ट्रिप नव्हती. आईने तिन्ही जागा रिकाम्या केल्या होत्या, गाडीतलीसुद्धा. ती शेजारी येऊन बसली, काही बोलली नाही, बाम लावत राहिली. मेंथॉल की मणक्यातली वाट की शरीराची स्वतःची अफू, त्या वेळी मला काही घेणं-देणं नव्हतं.

अकराव्या दिवशी सकाळी उठलो, दात घासले, चहा घेतला आणि काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत राहिलं. लिफ्टमध्ये उभा राहिल्यावर लक्षात आलं. डोकं दुखत नव्हतं.

आता महिन्यातून तीन-चारदा दुखतं. तेव्हा मॅडमनी सांगितलेली गोळी घेतो, सांगितली तेवढीच. भाचीलाही फोनवर उत्तर देऊन टाकलं, की गोळीला काही कळत नाही, ती आपली सगळीकडे जाते. ती म्हणाली, "मग नको तिथे पण जात असेल ना?" म्हटलं, हो गं बाई, जाते.

फोन ठेवला आणि तिचं ते वाक्य तसंच राहिलं. माझे ठिपके आई टाकत होती. आईचे कोण टाकतंय? तिला ही गोळी पाच दिवसांसाठी लिहून दिली होती, त्याला दोन वर्षं झाली. तिचं वय बासष्ट, रक्तदाबाचं औषध चालू, आणि पाणी प्यायचा कंटाळा. मूत्रपिंडाबद्दल वर जे लिहिलंय ते लिहिताना मला ती दिसत होती.

म्हणून या महिन्यापासून कालनिर्णयवर दोन रंग आहेत. माझे लाल, तिचे हिरवे. लाल तीन आहेत. हिरवे आज अकरा झाले, अजून आठवडा बाकी आहे. काल विचारलं, "आई, या महिन्यात किती घेतल्यास?"

"दोन-तीन घेतल्या असतील रे."

पुढच्या शनिवारी तिच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली आहे. तिला म्हटलंय की बाहेर जेवायला जाऊ. कालनिर्णयचं पान मी आधीच बॅगेत टाकून ठेवणार आहे.